संशोधनातला "स्थानिक भागीदार" म्हणजे नक्की कोण?

सर्व्हेवाली
काल आमच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी एक लेख टाकला, की गरीब देशांत दवाखाने आणि वैद्यकीय संशोधन दोन्ही सुधारायचं तर बाहेरच्या संस्थांनी स्थानिक लोकांशी भागीदारी करावी वगैरे. वाचून आधी हसू आलं आणि मग रागच आला. कारण ती "स्थानिक भागीदार" मी होते ना. गोवंडीला दोन वर्षं सर्व्हेचं काम केलंय, संस्थेचं नाव लिहीत नाही, पैसा परदेशी युनिव्हर्सिटीचा होता. रोज पंधरा-वीस घरं, बायकांच्या बोटाला टोचून हिमोग्लोबिन बघायचं, वजन घ्यायचं, आणि वर हा एवढा जाडजूड फॉर्म, घरात पंखा आहे का इथपासून. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून ते फॉर्म दुधाच्या पिशव्यांत गुंडाळून नेलेत. बायका विचारायच्या, ताई यातून आम्हाला काय मिळणार, तर आम्हाला शिकवलेलं उत्तर होतं, निकाल आला की तुम्हाला येऊन सांगू. प्रोजेक्ट संपला, ऑफिसला कुलूप लागलं, सांगायला कुणी आलं नाही. आता बाजारात त्याच बायका भेटतात, म्हणतात काय झालं गं आमच्या रक्ताचं?
तर माझं म्हणणं एवढंच की निकाल परत येऊन सांगणार नसाल आणि पैसे संपल्यावर ते काम कोण चालवणार हे आधी ठरवलं नसेल तर तिला भागीदारी म्हणू नका, सॅम्पल गोळा केले म्हणा.

परळकर
निकाल सांगायलाच हवा होता, त्यात वाद नाही. पण दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण असहमत. आकडेवारीत आयुष्य गेलं म्हणून सांगतो. संशोधनाचं काम प्रश्नाचं उत्तर शोधणं, दवाखाना चालवणं हे महापालिकेचं काम. प्रत्येक अभ्यासाच्या गळ्यात "पुढे कायम सेवा द्या" हे लोढणं बांधलं तर कुणी गोवंडीत पाय ठेवणार नाही, सगळे अभ्यास एसी हॉस्पिटलात येणाऱ्या पेशंटवर होतील, आणि मग तुम्हीच म्हणाल आमच्या वस्तीचा कुणी विचार करत नाही.
एक उदाहरण देतो. झारखंड-ओडिशात एकजुट नावाच्या संस्थेने लंडनच्या एका युनिव्हर्सिटीबरोबर गावातल्या बायकांचे गट बांधले, दर महिन्याला बसून बाळंतपण, नवजात बाळ यावर बोलायचं. 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं, गट असलेल्या भागात नवजात बाळांचे मृत्यू 32 टक्क्यांनी कमी. लगेच सगळे म्हणाले हाच उपाय, देशभर करा. तोच प्रयोग मुंबईत "स्नेहा"ने केला, हो तीच, सायनच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये सुरू केलेली, लंडनचे भागीदारही तेच. 48 वस्त्या, 24 मध्ये गट, 24 मध्ये नाही. 2012 मध्ये निकाल छापला, गटांमुळे बाळांचे मृत्यू काही कमी झाले नाहीत. कारणं बरीच असतील, एक तर उघड आहे, इथे बाळंतपण बहुतेक हॉस्पिटलातच होतं, तिकडे तेव्हा घरी व्हायचं. सांगायचा मुद्दा, त्या 24 रिकाम्या वस्त्या नसत्या तर आपण आज आनंदाने तेच गट भरवत बसलो असतो आणि पाठ थोपटून घेतली असती.

शिवडी_क्रॉसरोड
परळकर, "रिकाम्या वस्त्या" हा शब्द किती सहज निघाला बघा तुमच्या तोंडून. तिथे माणसं राहतात हो.

परळकर
शब्द चुकला, मागे घेतो. मुद्दा घेत नाही.

गडचिरोली_रिटर्न
इंटर्नशिपनंतर वर्षभर गडचिरोलीत होतो म्हणून लिहितोय, नाहीतर या वादात पडलो नसतो. बंग दांपत्याचा 1999 चा अभ्यास सगळ्यांना माहीत आहे, 39 गावांत गावातल्याच शिकलेल्या बायांना तयार केलं, त्यांनी घरी जाऊन बाळ बघायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी खाली. ही भागीदारी कुणाशी होती? गावाशी. आणि 2011 पासून तीच गोष्ट देशभरच्या आशा ताई करतायत, बाळ जन्मलं की सहा-सात वेळा घरी जाऊन बघायचं. संशोधन आणि सेवा अशा दोन वेगळ्या पेट्या नव्हत्याच तिथे. म्हणून टिकलं.

परळकर
आणि शेजारची 47 गावं कंट्रोल होती, म्हणजे नुसती तुलनेसाठी, हे सोयीस्कर गाळलंत 🙂 तिथल्या बाळांना ती इंजेक्शनं मिळाली नाहीत. गडचिरोलीत चालतं आणि गोऱ्याच्या पैशाने गोवंडीत केलं की शोषण?

गडचिरोली_रिटर्न
गाळलं नाही, लिहायचं राहिलं. पण फरक आहे. ते डॉक्टर 1986 पासून तिथेच आहेत. चुकले असते तर सकाळी त्याच लोकांना तोंड दाखवायचं होतं. तुमचा लंडनवाला विमानात बसतो.

मानखुर्दचा_होमिओपॅथ
चर्चा छान चाललीय, त्यात आमच्यासारखे गल्लीतले डॉक्टर कुठेच नाहीत, नेहमीप्रमाणे. वस्तीत माणूस खोकायला लागला की पहिल्यांदा माझ्याकडे येतो, महापालिकेच्या हेल्थ पोस्टला नाही, कारण हेल्थ पोस्ट उघडी असते तेव्हा तो कामावर असतो. मी साठ-सत्तर रुपयात बघतो. आता ऐका. 2018 मध्ये एक अभ्यास छापून आला, मुंबई आणि पाटण्यातल्या प्रायव्हेट डॉक्टरांकडे खोटे पेशंट पाठवले, टीबीची लक्षणं पाठ करून, अडीच हजारांवर भेटी, त्यातल्या 35 टक्क्यांतच बरोबर वागले डॉक्टर. वाचून लाज वाटली, खोटं का बोलू. मीसुद्धा आधी पाच दिवस अँटिबायोटिक देऊन बघणाऱ्यांतला होतो.
पण त्याच काळात, 2014 पासून, मुंबईत पाथ नावाच्या संस्थेने एक स्कीम चालवली होती, गेट्सचा पैसा, सोबत महापालिका. पेशंटला व्हाउचर द्यायचं, एक्सरे, थुंकीची तपासणी, गोळ्या सगळं फुकट, आणि आमच्यासारख्या आयुषवाल्यांनाही, म्हणजे होमिओपॅथी-आयुर्वेदवाल्यांनाही, त्यात घेतलं. कुणी भाषण दिलं नाही, कुणी पोलिसाची भीती घातली नाही. तोपर्यंत टीबीचा संशय आला तरी मी पेशंटला एक्सरे सांगायला कचरायचो, कारण एक्सरेचं नाव काढलं की तो परत येत नाही, शेजारच्याकडे जातो. व्हाउचर हातात आलं आणि माझी प्रॅक्टिस बदलली. आता ही भागीदारी झाली की नाही? निकाल मला कुणी वाचून दाखवला नाही सर्व्हेवाली ताई, पण काम झालं.

सर्व्हेवाली
डॉक्टर, हे मला पटलं. तुम्हाला हातात काहीतरी मिळालं, कागद का होईना. आमच्या बायकांना एक पारलेचा पुडा मिळायचा. तोही शेवटी शेवटी बंद.

शिवडी_क्रॉसरोड
टाटा हॉस्पिटलचा तो गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास कुणी काढत नाहीये म्हणून मी काढतो. 1998 ला सुरू झाला, मुंबईतल्या वस्त्या, दीड लाख बायका, पैसा अमेरिकेच्या सरकारी कॅन्सर संस्थेचा. निम्म्यांची दर दोन वर्षांनी तपासणी, व्हिनेगर लावून, आणि उरलेल्या 76 हजारांना सुरुवातीला एकदा माहिती दिली आणि मग फक्त नोंद ठेवली. त्यात ज्या गेल्या त्या गेल्या. पॅप टेस्ट, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून तपासणं, उपयोगी आहे हे जगाला तेव्हा पन्नास वर्षांपासून माहीत होतं. अमेरिकेत हा अभ्यास करू दिला असता का? संमतीच्या कागदावर आक्षेप अमेरिकेतूनच आले होते.

परळकर
वाटच बघत होतो. आता दुसरी बाजू पण लिहा ना. पॅप टेस्टला लॅब लागते, स्लाइड वाचणारा लागतो, आणि बाई रिपोर्ट घ्यायला परत यायला लागते, या तिन्ही गोष्टी वस्तीत नव्हत्या. व्हिनेगरची तपासणी दहावी शिकलेल्या बायकांनी केली, चार आठवड्यांचं ट्रेनिंग घेऊन, रिपोर्ट तिथल्या तिथे. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले, आणि 2013 मध्ये शिकागोच्या मोठ्या कॅन्सर परिषदेत हे टाटाच्या डॉक्टरांनी मांडलं, कुणा गोऱ्याने नाही. त्या काळी भारतात सरकारी तपासणी कार्यक्रमच नव्हता, म्हणजे कंट्रोलमधल्या बाईला तेच मिळालं जे देशातल्या कोट्यवधी बायकांना मिळत होतं, म्हणजे काही नाही. कटू आहे पण खरं आहे. आणि असा पुरावा नसता तर कुठल्या सरकारने नर्सच्या हातात हे काम दिलं असतं?
आणि मुंबईला हे नवीन नाही. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर हाफकिन संस्था आहे. हाफकिनची प्लेगची लस 1897 ला भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तपासली होती, निम्म्यांना टोचली, निम्म्यांना नाही.

शिवडी_क्रॉसरोड
हाफकिनने 10 जानेवारीला ती आधी स्वतःला टोचून घेतली होती, तेवढं राहिलं सांगायचं.

सर्व्हेवाली
मला टाटाच्या अभ्यासाबद्दल दोघांचंही पटतंय आणि दोघांचाही राग येतोय. परळकर, पुरावा मिळाला ना? मग पुढे? 2016 ला केंद्राने नियमावली काढली, 30 ते 65 वयाच्या बायकांची पाच वर्षांतून एकदा हीच तपासणी करा. आणि त्यानंतर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा जो आकडा आला त्यात 30 ते 49 वयाच्या बायकांत आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या किती? 1.9 टक्के. शंभरात दोन पण नाहीत! व्हिनेगर लागतं हो फक्त, आणि टॉर्च, आणि एक बाई जिला ट्रेनिंग दिलंय आणि जिला दर महिन्याला पगार मिळतोय. तीच मिळत नाही, कारण जिला शिकवलं तिला प्रोजेक्ट संपल्यावर घरी पाठवलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या चौघींपैकी एक आता घरकाम करते, एक मॉलमध्ये आहे. दोघींना बीपी बघता येतं, रक्त बघता येतं, अशक्त बाई नुसत्या डोळ्याच्या पापणीवरून ओळखता येते. तुम्ही म्हणता सेवा देणं संशोधनाचं काम नाही. मान्य. पण माणूस तयार करून सोडून देणं हे तरी कुणाचं काम आहे?

परळकर
हा मुद्दा मी आधी धरला नव्हता. पण त्याला उत्तर महापालिकेने त्या बायकांना घ्यायला हवं हे आहे, अभ्यास करणाऱ्याने पोसायला हवं हे नाही.

मानखुर्दचा_होमिओपॅथ
महापालिका घेईल म्हणे. आहेत त्या आरोग्य सेविका मानधनासाठी आझाद मैदानात बसतात ते दिसत नाही वाटतं परळहून. पाच स्टेशनं तर आहेत मध्ये.

गडचिरोली_रिटर्न
पण महापालिकेला जमतं हो मनात आणलं तर. एप्रिल 2020 आठवा, धारावीत प्रायव्हेट डॉक्टर पीपीई घालून महापालिकेबरोबर गल्लीगल्लीत फिरले. जुलैमध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेने मिळून तीन वॉर्डांत रक्त तपासलं, झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना कोविड होऊन गेलेला, बिल्डिंगीत 16 टक्के. आणि आकडा महिन्याभरात पेपरात, सगळ्यांच्या तोंडी. कुणाला कुलूप लावून पळायला लागलं नाही.

शिवडी_क्रॉसरोड
तेव्हा बिल्डिंगवाल्यांना भीती वाटत होती ना स्वतःची. म्हणून घाई.

परळकर
ते असेलही. बरं सर्व्हेवाली, एक प्रत्यक्ष काम करू या, वाद नंतर. तुमच्या अभ्यासाचं नाव किंवा ज्यांनी केला त्यांची नावं मला मेसेज करा. पेपर छापला असेल तर मी शोधतो, आणि सोप्या मराठीत पाच-सहा ओळींत लिहून देतो, "लक्षणीय" वगैरे शब्द न वापरता. तुम्ही बायकांना वाचून दाखवा.

सर्व्हेवाली
खरंच द्याल? माळ्यावरची पिशवी काढली आत्ता. माझ्या आयकार्डावर नुसतं "सर्वेक्षक" आहे, अभ्यासाचं नाव नाही. पण संमतीच्या कागदाची एक कोरी झेरॉक्स सापडली, त्यात खाली लिहिलंय "काही शंका असल्यास या क्रमांकावर संपर्क साधावा". लावला लगेच. हा नंबर अस्तित्वात नाही, असं मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग इंग्रजीत.