भयपट घोळक्यानं बघायचा की एकट्यानं?

रातराणी
काल 'एकांडा' यांनी लिहिलं की मित्रमंडळींबरोबर थेटरात भयपट बघणाऱ्यांना भयपट कळतच नाही, आणि जपानी-कोरियन भयपट तर रात्री घरी, दिवे मालवून एकट्यानंच बघावेत. वाचून राहवलं नाही.

अहो, जपानात एदो काळापासून, म्हणजे सतराव्या शतकापासून, लोक रात्री जमून शंभर दिवे लावायचे. एकेकानं भुताची गोष्ट सांगायची, गोष्ट संपली की एक दिवा विझवायचा. शेवटचा दिवा गेला की खरंच काहीतरी येतं, असा समज. 'रिंगू' या जपानी भयपटातलं भूत, सादाको, आली ती अशा गोष्टींच्या देशातून, आणि त्या गोष्टी घोळक्यातच रंगायच्या. माझ्या आजोळी देवगडला तरी वेगळं काय होतं? वीज गेली की आम्ही दहा-बारा पोरं ओसरीवर आजोबांना चिकटून बसायचो आणि ते देवचाराची गोष्ट काढायचे. एकटीला ती आठवायची नंतर, परसात जाताना.

2016 मध्ये 'ट्रेन टू बुसान' हा कोरियन झोंबीपट आम्ही पाच मैत्रिणींनी पुण्यात पाहिला. शेजारणीनं माझं मनगट असं धरलं होतं की नखांचे वण दुसऱ्या दिवशीही दिसत होते. शेवटी ती लहान मुलगी गात गात बोगद्यातून येते, तेव्हा पाचही जणी रडत होतो. लॅपटॉपवर हे मिळतं?

एकांडा
ताई, तुम्ही सोयीचं तेवढंच वाचलंत. बुसानचे झोंबी धावतात, अंगावर येतात. तिथे गर्दी खपते. 'रिंगू' शांततेवर उभा आहे. त्यात ती सादाको टीव्हीतून बाहेर येते. समोर घरातलाच टीव्ही असेल तर त्याचं भय. मी 2004 साली कॉट बेसिसवर राहत होतो, भाड्याच्या सीडीवर पाहिला. आठवडाभर टीव्हीवर चादर टाकून झोपलो. आणि घोळक्याचं म्हणाल, तर एका महोत्सवात मागच्या रांगेतली पोरं प्रत्येक शांत जागी फिदीफिदी हसत होती. अर्ध्यातून उठून आलो. तो सिनेमा माझ्यापुरता मेला.

रातराणी
'रिंगू' जानेवारी 1998 मध्ये जपानात थेटरातच लागला, तोही 'रासेन' या त्याच्याच पुढच्या भागाच्या जोडीनं. एका तिकिटात दोन. तो चादरीखाली बघण्यासाठी केलेला नव्हता. आणि पोरं हसतात ती घाबरलेली असतात म्हणून.

स्टॉलचं तिकीट
तुम्ही दोघं भलत्याच गोष्टीवर भांडताय. भयपट मित्र मारत नाहीत, मध्यंतर मारतं! 'बुसान'मध्ये गाडी बोगद्यात शिरते, अंधारात झोंबींना दिसेनासं होतं आणि नायक व त्याचे दोघे साथीदार डब्याडब्यातून पुढे सरकतात. नेमका बोगद्यात अंधार झाला आणि आमच्या थेटरात दिवे लागले. ज्या सिनेमात मध्यंतर नाहीच, तो मधेच कापायचा हक्क कोणी दिला?

डोअरकीपरचा मुलगा
हक्क पोटानं दिला. माझे वडील एकपडदा थेटरात बावीस वर्षं दारावर होते. तिकिटाचे पैसे वितरकाबरोबर वाटले जायचे, थेटर तगायचं कँटीनवर. मध्यंतर काढलं असतं तर ते थेटर दहा वर्षं आधीच बंद पडलं असतं आणि माझं शिक्षणही.

स्टॉलचं तिकीट
तेव्हाचा वडापाव आणि आजच्या मल्टिप्लेक्सचं पॉपकॉर्न एक नाही, दादा. चौघं गेलो तर खाणं तिकिटांपेक्षा महाग पडतं. घरचा डबा नेता येत नाही. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये थेटरवाल्यांना दिला. प्यायचं पाणी फुकट द्या म्हणाले, एवढाच दिलासा.

डोअरकीपरचा मुलगा
मग नका खाऊ! दोन तास उपाशी राहिल्यानं कोणी मरत नाही. थेटर बंद पडलं की मात्र दारावरचा माणूस घरी बसतो. तुम्हाला पॉपकॉर्न दिसतं, मला वडील दिसतात.

स्टॉलचं तिकीट
वडिलांवर मी बोललो नाही. ते मधे आणू नका.

एकांडा
धागा भुतांचा आहे. पॉपकॉर्नचा वेगळा काढा.

पाचवी रांग
'तुंबाड' कोणी थेटरात पाहिला का? 2018 मध्ये मी एकटीच गेले होते, जेमतेम पंधरा माणसं. 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा ऑफिसातल्या सहा जणांना ओढून नेलं, थेटर भरलेलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी बापलेक विहिरीत उतरतात तेव्हा आजूबाजूचं कोणी हलेना, आणि त्या न हलण्याचीच मला भीती वाटली. पहिल्या वेळी असं झालं नव्हतं. तोच सिनेमा, तीच मी.

रातराणी
हेच! हेच मी काल रात्रीपासून सांगतेय.

एकांडा
हसणाऱ्या पोरांबद्दल एक शब्द मागे घेणार नाही. घाबरून हसा नाहीतर माजून, माझी शांतता मोडतेच. 'रिंगू'बद्दलही नाही. पण 'तुंबाड' मी मोबाइलवर पाहिला होता, आणि त्यातला पाऊस मोबाइलवर पडत नाही. एवढं मान्य. पुन्हा लागला तर जाईन. मागची रांग रिकामी असेल तर.