मदत हवी आहे : लोडरच्या कामासाठी ४५ एचपी ट्रॅक्टरला मागे किती आणि कसे वजन लावावे?

सर्व जाणकारांना नमस्कार. आमची शेती सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात आहे. डाळिंबाची बाग, थोडा ऊस आणि रब्बीला ज्वारी अशी पिके असतात. ट्रॅक्टर ४५ एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह असून मागचे टायर १३.६-२८ मापाचे आहेत. गेल्या वर्षी एका वर्कशॉपमधून त्याला पुढचा लोडर, म्हणजे माल भरून उचलणारे हात व बकेट, बसवून घेतला. बसवणाऱ्यांनी तेव्हा मागच्या वजनाविषयी एक शब्दही सांगितला नाही, आणि आता नेमका तोच प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आहे. ट्रॅक्टर माझा धाकटा भाऊ चालवतो, त्यामुळे अंदाजपंचे काही तरी लावून बघावे अशी माझी अजिबात तयारी नाही.

शेणखत भरताना काही जाणवत नाही. अडचण येते ती तलावातला गाळ ट्रॉलीत भरताना. बकेट भरून वर जाऊ लागली की मागचे टायर जमिनीवर जिथे पसरट टेकलेले असतात, तिथे ते डोळ्यांदेखत गोल होत जातात, आणि अशा वेळी मागे घ्यायला गेले तर चाक जागीच फिरते. बकेट ट्रॉलीच्या फाळक्याच्या उंचीला पोचल्यावर नव्हे, तर त्याआधी, लोडरचे हात आडवे येतात तेव्हा हे सर्वांत जास्त दिसते. कारण उघड आहे : हात आडवे असताना बकेट ट्रॅक्टरपासून सर्वांत पुढे गेलेली असते. उतारावर तर काळजी आणखी वाढते, कारण आमच्या ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना आहेत. मागची चाके हलकी झाली, तर ब्रेक कितीही चांगले असले तरी ते धरणार कशाला?

शेणखत आणि गाळ यांतला फरक मी थोडा हिशेब करून पाहिला. आमच्या बकेटमध्ये साधारण ०.३ घनमीटर माल बसतो. सुके, भुसभुशीत शेणखत असेल तर ते दोनशे किलोच्या आतबाहेर भरते. तोच ओला गाळ असेल तर पाचशे किलोपर्यंत जातो. म्हणजे बकेट तीच, भरलेली दिसतेही तेवढीच, पण ओझे अडीच पट.

आता हे पाचशे किलो पुढच्या एक्सलच्या दीड मीटर पुढे आहेत आणि पुढच्या-मागच्या एक्सलमधले अंतर दोन मीटर आहे, असे धरले तर पुढचा एक्सल टेकू होतो आणि मागच्या चाकांवरचे ३७५ किलो वजन उचलले जाते. ते वजन नाहीसे होत नाही, तेही पुढच्याच एक्सलवर जाऊन बसते, म्हणजे पुढे एकूण ८७५ किलोची भर पडते. लोडरच्या सांगाड्याचे वजन यात धरलेलेच नाही. हा सगळा भार पुढची लहान चाके, त्यांची बेअरिंगे आणि किंग पिन (चाक ज्या पिनवर वळते ती) यांना सोसावा लागतो.

यासाठी मागे वजन हवे, एवढे मला पटले आहे. ते कुठे आणि कशाच्या रूपात लावावे, यावर मात्र आमच्याकडे एकमत होत नाही. गावातले बहुतेक जण टायरमध्ये पाणी भरायला सांगतात. व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे टायरचा सुमारे ७५ टक्के भाग पाण्याने आणि उरलेला हवेने भरायचा, ही पद्धत माहीत आहे. दोन्ही टायर मिळून साडेतीनशे किलोच्या आसपास वजन वाढेल, आणि ते थेट टायरमध्येच असल्याने मागच्या एक्सलवर त्याचा ताण येणार नाही. परंतु हे वजन मागच्या एक्सलच्या बरोबर रेषेत असते. त्यामुळे मागची चाके जड होतील, तरी पुढच्या एक्सलवरचा भार एका किलोनेही कमी होणार नाही.

याउलट, थ्री पॉइंट लिंकेजला (अवजार जोडायचे मागचे तीन दांडे : खालचे दोन लोअर लिंक, वरचा टॉप लिंक) पाचशे किलोचा ठोकळा लावला आणि त्याचा मध्य मागच्या एक्सलच्या १.२ मीटर मागे आला, तर मागच्या चाकांवर पाचशे नव्हे, ८०० किलो वाढतात, आणि वरचे ३०० किलो पुढच्या एक्सलवरून उतरलेले असतात. चाकांना लावायच्या लोखंडी वजनांनाही पाण्याचाच नियम लागू होतो. माझा कल म्हणूनच ठोकळ्याकडे आहे.

दुसरेही एक कारण आहे. पुढचा एक्सल मध्यावरच्या एका पिनवर झुलतो, त्यामुळे ट्रॅक्टर खऱ्या अर्थाने तीन ठिकाणी तोललेला असतो : ती पिन आणि मागची दोन चाके. एका बाजूचे चाक चरीत किंवा दगडावर गेले तर आडवे पडण्यापासून आधी सावरतात ती मागचीच चाके. ती हलकी असतील आणि बकेट वर असेल, तर ट्रॅक्टर कलंडू लागल्याचे चालवणाऱ्याला फार उशिरा कळते. भरलेली बकेट चालताना गुडघ्याच्या वर न्यायची नाही आणि उतार भरल्या बकेटसह उलट्या गिअरमध्येच उतरायचा, हे दोन नियम आम्ही पाळतो. पण ट्रॉलीत रिकामे करताना बकेट वर न्यावीच लागते, तिथे हे नियम पुरे पडत नाहीत.

ठोकळ्यासाठी दोनशे लिटरचा जुना लोखंडी ड्रम काँक्रीटने भरावा, असे मनात आहे. काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलो भरते, त्या हिशेबाने ड्रममध्ये ४८० किलो आणि वर ड्रमचे व सळयांचे वजन मिळून पाचशे होतात. लोअर लिंकसाठी खालून आरपार आडवी पिन आणि टॉप लिंकसाठी वर चॅनेलचा खांब, दोन्ही आतल्या सळयांना वेल्ड करूनच काँक्रीट ओतायचे. सध्या मागे रोटाव्हेटर लावून काम चालवता येईल, असेही काही जण म्हणतात. तो रुंद आहे, आणि डाळिंबाच्या दोन ओळींत वळताना त्याची टोके फांद्यांना लागतील. शिवाय बागेतल्या काळ्या जमिनीवर कायमचे जादा वजन घेऊन फिरणे मला योग्य वाटत नाही. ओल असताना ती लगेच दाबली जाते आणि पुढे मुळांना त्रास होतो. ठोकळा काम संपले की काढून ठेवता येतो, टायरमधले पाणी रोज काढता येत नाही.

आता ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांना विचारायचे आहे. लिफ्टची क्षमता १,५०० किलो लिहिलेली आहे, त्यामुळे पाचशे किलो उचलणे अवघड नाही; पण दिवसभर ते वजन हायड्रॉलिकवर लटकत ठेवून खडबडीत जमिनीवर फिरल्यास लिफ्टच्या सीलवर आणि रॉकर आर्मवर परिणाम होतो का? ते साखळीने किंवा पट्टीने बांधून भार हायड्रॉलिकवरून काढून घेता येतो का? चेक चेन (लोअर लिंक बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) आवळून ठोकळ्याचे झुलणे पूर्ण थांबते की आडवी पट्टी लागतेच? आणि गाळासारख्या जड मालाला एकट्या ठोकळ्याने भागेल, की टायरमध्ये निम्मे तरी पाणी भरावे?

वजन ठरवण्याआधी ट्रॅक्टर वजनकाट्यावर नेऊन फक्त मागची चाके काट्यावर घ्यावीत, असा विचार आहे. बकेट रिकामी असताना, भरून खाली असताना आणि भरून हात आडवे असताना, अशी वेगवेगळी वजने मिळाली की वरचा हिशेब कितपत खरा आहे ते कळेल. ते आकडे मी इथे लिहीन. कोणी असे मोजून पाहिले असेल, तर हात आडवे असताना मागच्या चाकांवर निदान किती वजन उरले म्हणजे तुम्ही निश्चिंतपणे काम करता, ते कृपया सांगावे.

मोहोळ, पंढरपूर, माढा या भागात कोणाकडे असा ठोकळा वापरात असेल, तर येऊन पाहायची माझी तयारी आहे. लोअर लिंकची पिन २२ मिलिमीटरची घेतली की २८ ची, आणि ती काँक्रीटमध्ये सैल झाली का, एवढे जरी कळवलेत तरी वेल्डिंगचे काम सुरू करता येईल.