क्राफ्ट बिअर महोत्सव: बारा टेस्टर, चार तास, क्रम काय ठेवायचा?

कोरडी_घागर
शनिवारी पहिल्यांदाच क्राफ्ट बिअर महोत्सवाला जायचं आहे. चाळीसेक नळ, चार तास, तिकिटात १०० मिलीचे १२ टेस्टर. लागर आणि व्हीट बिअर ओळखीच्या. आयपीए, सावर, स्टाउट फक्त नावानं माहीत. क्रम काय ठेवावा? बाराही झेपतील का? आणि एखादी बिअर विचित्र लागली तर ती मुळातच तशी की बिघडलेली, हे कसं कळणार? परत येताना गाडी मलाच चालवायची आहे.

सातूवाला
शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो: गाडी नेऊच नका.

१२ टेस्टर म्हणजे १२०० मिली. सरासरी ६ टक्के एबीव्ही (बिअरमधलं अल्कोहोलचं प्रमाण) धरली (महोत्सवात ती बरेचदा जास्तच भरते) तर ७२ मिली निव्वळ अल्कोहोल, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या ३३० मिलीच्या जवळपास साडेचार बाटल्या झाल्या. शरीर तासाला ७ ते १० ग्रॅम निपटवतं, म्हणजे सहा ते आठ तास. कडक कॉफी घ्या नाहीतर डोक्यावर गार पाणी ओता, त्या वेगात फरक पडत नाही.

जाण्याआधी तासभर पोटभर जेवा. अन्न असलं की पोट सावकाश रिकामं होतं आणि चढण्याचा वेग कमी राहतो. प्रत्येक टेस्टरमागे निदान तेवढंच पाणी. आणि ग्लास रिकामा केलाच पाहिजे असं काही नाही: दोन घोटांत चव कळते, उरलेली ओतायच्या बादलीत टाका. ती बादली त्यासाठीच ठेवलेली असते, लाजू नका.

फेसकापू
क्रम सोपा आहे. फिकट रंगापासून गडद रंगाकडे जा. लागर, व्हीट, पेल एल, आयपीए (कडवट), शेवटी स्टाउट (काळी, भाजक्या चवीची).

नळाखाली
@फेसकापू, यादी ठीक, पण कारण चुकीचं. रंग येतो भाजलेल्या माल्टमधून (अंकुरवून वाळवलेलं धान्य), त्याचा ताकदीशी संबंध नाही. काळीकुट्ट गिनीज ड्राफ्ट ४.२ टक्के, आणि सोनेरी बेल्जियन ट्रिपेल ८-९ टक्क्यांच्या घरात. रंग बघून ट्रिपेल दुसऱ्या नंबरला घेतली की पुढच्या चारांची चव गेलीच म्हणून समजा.

पाटीवरचे दोन आकडे बघा: एबीव्ही आणि आयबीयू. कमीकडून जास्तीकडे. आयबीयू हे कडूपणाचं माप, पण एकटं फसवं: माल्टचा गोडवा भरपूर असेल तर ५० आयबीयूसुद्धा मवाळ लागतो. माझ्या मते सावर (आंबट बिअर) आयपीएच्या आधी घ्यावी, कारण हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) कडूपणा जिभेवर ठाण मांडून बसतो. इम्पीरिअल स्टाउट (जास्त ताकदीची स्टाउट) सगळ्यात शेवटी, आणि मिळाल्या मिळाल्या पिऊ नका. ग्लास तळव्यात धरून पाच-सात मिनिटं थांबा. ४ अंशांना तिचा वास बंदच असतो, १२ च्या आसपास कॉफी-चॉकलेट वर येतं.

मधे तोंड साफ करायला साधा पाव किंवा बिनमसाल्याची बिस्किटं. तिखट नको, हॉप्स आणि अल्कोहोल दोन्ही ती आग वाढवतात. तेलकट बोटं-ओठही नकोत, तेलानं फेस मोडतो. आणि त्या दिवशी अत्तर लावू नका, शेजारच्याचीही बिअर बिघडते.

सातूवाला
आता बिघडलेली कशी ओळखायची. व्हीट बिअरमध्ये केळं आणि लवंग लागली तर घाबरू नका, ते यीस्टचं काम आहे, तसंच अपेक्षित असतं. सावर आंबट असणारच. पण लागर आंबट लागली तर गडबड आहे.

लोण्याचा, पॉपकॉर्नसारखा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल (आंबवताना तयार होणारं रसायन): आंबवणं लवकर थांबवलं, नाहीतर नळाची पाइप अस्वच्छ. शिजलेला मका किंवा कोबी म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचं संयुग). ओला पुठ्ठा म्हणजे बिअरला हवा लागली किंवा ती जुनी झाली. हॉप्सचा ताजा वास काही आठवड्यांतच उतरतो, म्हणून आयपीए कधी भरली ते जरूर विचारा. स्कंकसारखा (दुर्गंधी फवारणारा प्राणी) उग्र वास म्हणजे उजेडाचा मार, तो पिंपात नाही, पण भरलेला ग्लास उन्हात ठेवला तर काही मिनिटांत येतो.

नळाखाली
दोष देण्याआधी ग्लास बघा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लासला साबण किंवा तेल राहिलं आहे, बिअर निर्दोष. रिकामा ग्लास पाण्यानं विसळून पुन्हा घ्या.

दुसरं, नुसताच फेस. पिंप ४ अंशांना असलं तरी नळापर्यंतच्या पाइपमधली बिअर मांडवाच्या उकाड्यात तापते आणि तिच्यातला वायू सुटतो. म्हणून बराच वेळ बंद असलेल्या नळाचा पहिला ग्लास घेऊ नका. जिथे रांग हलती आहे तिथली बिअर थंड आणि ताजी. पिंप नुकतंच हलवून आणलं असेल तरी फेस येतो, ते काही तास न हलवता ठेवावं लागतं.

कोरडी_घागर
गाडी रद्द. बारापैकी किती घेऊ?

सातूवाला
सहा-सात, त्यात ८ टक्क्यांवरची एकच. आधी पूर्ण चक्कर मारून पाट्या वाचा, मग पहिला ग्लास. नोंदी फोनवर त्याच क्षणी लिहा: नाव, एबीव्ही, दोन शब्द. चौथ्या टेस्टरनंतर सगळ्याच बिअर छान लागायला लागतात.