डोंगर पेटलेला आणि घरात कोविड : तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारी लागला की वेताळ टेकडी, तळजाई, कात्रजचा डोंगर, सिंहगडाची उतरण, कुठे ना कुठे वणव्याचा काळा पट्टा दिसायला लागतो. पुणेकरांना त्याचं नवल उरलेलं नाही. पण २०२० आणि २०२१ चे उन्हाळे वेगळे गेले. कोविडवाले सांगायचे, घरातच थांबा आणि खिडक्या उघड्या ठेवा. डोंगर पेटला की निरोप यायचा, विझवायला माणसं हवीत, बाहेर या. आणि जे घरात आहेत त्यांनी खिडक्या लावून घ्या. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं होतं आणि एकाचं ऐकलं की दुसरं मोडत होतं.

त्या पेचात तुम्ही काय केलंत, तेवढंच इथे लिहा. नुसत्या कोविडचे आणि नुसत्या वणव्याचे अनुभव भरपूर लिहून झालेत. पुण्याबाहेरचं, परदेशातलंही चालेल. कोणाचं नाव घेऊन उणीदुणी काढू नका, आणि काढ्याच्या पाककृती तर अजिबात नकोत.

पाषाणकर

सुरुवात मी करतो. आमच्या टेकडीवर वणवा पहिल्यांदा कोणाला दिसतो, तर रोज फिरायला येणाऱ्यांना. वनखात्याचा वनरक्षक एक, त्याच्याकडे हद्द केवढी मोठी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये टेकड्यांवर जायला बंदी आली आणि हे फुकटचे पहारेकरी घरी बसले. बंदी चुकीची होती असं माझं म्हणणं नाही. पण धूर दिसायचा तोपर्यंत अर्धा उतार गेलेला असायचा.

२०२१ चा एप्रिल त्याहून अवघड. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी होती. बरेचसे वणवे लागतात किंवा भडकतात ते दुपारनंतर, गवत तापून कडकडीत झालं की. एकदा सहा वाजायच्या सुमारास गच्चीवरून ज्वाळा दिसल्या. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकाला फोन केला, वनरक्षकाला केला. तो म्हणाला, "या तुम्ही, चौकीला मी सांगतो." त्याने खरंच सांगितलं होतं. नाक्यावरच्या हवालदाराने आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मास्क नाकावर घ्या आणि पळा."

ज्यांनी कधी वणवा विझवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिरिपुष्पाची ओली, पानांनी भरलेली फांदी घ्यायची, जळून गेलेल्या बाजूला उभं राहायचं आणि आगीची कड दाबत पुढे सरकायचं. झोडपायचं नाही. फांदी उंच उचलून आपटली की ठिणग्या कोरड्या गवतात उडतात आणि मागे दुसरी आग लागते. फांदी फिरवायची तर दोन माणसांत सहा फूट अंतर लागतंच, त्यामुळे तो नियम आपोआप पाळला गेला. मास्कचं मात्र हसं झालं. एन-९५ घामाने भिजून तोंडाला चिकटला की श्वासच ओढता येत नाही, आणि खाली केला की घशात धूर. शेवटी आळीपाळीने मागे वाऱ्याच्या बाजूला जायचं, मास्क काढून दम खायचा आणि परत यायचं असं केलं. एक टिटवी सारखी डोक्यावर ओरडत होती. म्हणजे अंडी जवळच असणार, म्हणून तो तुकडा आधी विझवला. अंडी सापडली नाहीत, शोधायला वेळही नव्हता.

एरवी विझवून झालं की एकाची बाटली सगळ्यांच्यात फिरते. त्या दिवशी प्रत्येकाने आपापलं पाणी आणलं होतं आणि कोणी कोणाला विचारलंही नाही. ते जरा विचित्रच वाटलं.

सूस_रोड_चौथा_मजला

आमच्याकडे त्याच महिन्यात नवरा पॉझिटिव्ह. मागच्या बेडरूममध्ये त्याचं विलगीकरण, हॉलमध्ये सासूबाई आणि मी. डॉक्टरांनी बजावलं होतं की त्याची खिडकी उघडी हवी आणि दार बंद. ती खिडकी नेमकी डोंगराकडे. रात्री जळक्या वासाने जाग आली तर खोलीत ट्यूबलाइटभोवती धुकं दिसत होतं. ऑक्सिमीटर चौऱ्याण्णव. खोकला कोविडचा की धुराचा, कळायला मार्ग नाही. हॉस्पिटलात बेड मिळवणं म्हणजे काय दिव्य होतं ते इथे कोणाला सांगायला नको.

खिडकी लावली तर त्याने सोडलेली हवा आतच कोंडणार. एसी लावावा तर तो खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. रात्री दीडला मेकॅनिकल इंजिनियर दिराला उठवलं. त्याने फोनवर रचना सांगितली ती अशी. डोंगराकडची खिडकी बंद. बेडरूमच्या बाथरूमचा एक्झॉस्ट चालू, कारण तो आतल्या डक्टमध्ये उघडतो. हॉलच्या रस्त्याकडच्या खिडक्या उघड्या, तिकडे धूर कमी होता. आणि बेडरूमच्या दाराखालची फट, जी मी इतके दिवस टॉवेल कोंबून बंद केली होती, ती मोकळी. म्हणजे हवा हॉलमधून फटीतून त्याच्या खोलीत शिरणार आणि बाथरूममधून बाहेर पडणार. त्याच्याकडची हवा आमच्याकडे येणार नाही.

खात्री करायला मी दाराशी उदबत्ती धरली. तिचा धूर फटीतून सुळकन आत गेला. आतून आवाज आला, "धूर कमी पडला का तुला?"

आता खरी गंमत. सकाळी सोसायटीचा अख्खा ग्रुप "जळका वास, जळका वास" करत होता आणि सासूबाई चहा पीत म्हणाल्या, "कसला वास गं? मला तर काहीच येत नाही." मी कप खाली ठेवला आणि लॅबला फोन लावला. पॉझिटिव्ह. सौम्य होता, दोघंही घरीच बरे झाले.

वारज्याचा_जीपी

वरच्या ताईंच्या दिराला माझा नमस्कार. त्या रचनेत दोष काढता येणार नाही.

दवाखान्यातलं थोडक्यात लिहितो. डोंगर पेटला की दुसऱ्या दिवशी खोकणाऱ्यांची रांग लागते, ती दर वर्षीची. धुराने डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, दमेकऱ्यांचा दमा उफाळतो. पण धुराने ताप येत नाही आणि धुरापासून लांब गेलं की बहुतेकांना बरं वाटतं. पुस्तकात हे छान वाटतं. प्रत्यक्षात २०२१ मध्ये "कालपासून खोकला, टेकडीजवळ राहतो" असं म्हणणाऱ्या माणसाला मी टेस्टलाच पाठवत होतो. धूर आहे म्हणून कोविड नाही असं थोडंच असतं! रुग्णांना ते पटायचं नाही. "डॉक्टर, वणव्यामुळेच आहे हो" हे वाक्य मी इतकं ऐकलंय! चौदा दिवस कोंडून घ्यायच्या भीतीपोटी माणसाला वणवा जवळचा वाटायचा.

मास्कबद्दल एक. कापडी मास्क धुरातल्या बारीक कणांना अडवत नाही, त्यासाठी नीट बसणारा एन-९५च लागतो. पुढे प्लास्टिकची झडप असलेला एन-९५ धुराला चालतो, कोविडला नाही, कारण झडपेतून तुमचा श्वास न गाळता बाहेर पडतो. दोन्ही संकटं असतील तर बिनझडपेचा.

पेठेतली_आजी

मी निवृत्त शिक्षिका. २०२० च्या जानेवारीत सुनेच्या बाळंतपणासाठी कॅलिफोर्नियात गेले. परतीचं तिकीट एप्रिलचं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी तिकडेच अडकले. मुलाचं घर स्कॉट्स व्हॅलीत, सांता क्रूझच्या डोंगरात. उंचच उंच रेडवूडची झाडं. मला पहिल्या दिवसापासून वाटायचं, एवढ्या लाकडात घर कशाला बांधायचं?

ऑगस्टात भयंकर उकडत होतं. चौदा-पंधरा तारखेला त्या राज्यात विजेची ओढाताण होऊन संध्याकाळची वीज जायला लागली. अमेरिकेत लोडशेडिंग! मला घरच्यासारखं वाटलं. सोळाच्या पहाटे विजांचा गडगडाट झाला. मी उठून दोरीवरचे कपडे आत घेतले. पण पाऊस पडलाच नाही, नुसत्या कोरड्या विजा. ज्या आगी लागल्या त्या त्या विजांनी. आमच्या बाजूच्या आगीचं नाव सीझेडयू. पुढे ती ८६ हजार एकरांवर पसरली आणि सुमारे दीड हजार घरं-इमारती घेऊन गेली.

वीस तारखेला गाव रिकामं करायचा हुकूम आला. आता बघा. मार्चपासून आम्ही कोणाच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं, भाजीची पिशवीसुद्धा पुसून घेत होतो, आणि आता तान्हं बाळ घेऊन जायचं कुठे? फ्रीमाँटचे मित्र म्हणाले या, पण त्यांच्याकडेही माझ्यासारखेच अडकलेले आई-वडील, वडिलांना मधुमेह. आम्हीच नको म्हटलं. निवारा केंद्रात ताप मोजून घेत होते, पण बाळाला घेऊन तिथे जायची सुनेची तयारी नव्हती. बरेच लोक आपल्या गाडीतच झोपले. सॅन होजेकडे हॉटेलात एक खोली मिळाली तेव्हा रात्र झाली होती.

घर सोडताना मुलगा लॅपटॉप आणि पासपोर्ट भरत होता. मी बीपीच्या गोळ्या, बाळाची दुपटी आणि देवघरातली छोटी डबी घेतली. बावीसला गणेशचतुर्थी! डबीत सुपारी होतीच. हॉटेलच्या टेबलावर टिश्यू पेपरवर तांदूळ घालून सुपारीचा गणपती मांडला. निरांजन लावायची सोय नाही, धुराचा भोंगा वाजला तर सगळं हॉटेल रस्त्यावर. बाहेर सगळा डोंगर पेटलेला आणि मला एक वात लावायची चोरी. बिनवातीच्या निरांजनाने आरती केली. नैवेद्याला दूध-साखर. पुण्याहून लेक व्हिडिओवर आरती म्हणत होती, तिचा आवाज अर्ध्या ओळीने मागे.

काही दिवसांनी परत आलो. घर शाबूत, पण खिडकीच्या खाचांत, डब्यांच्या झाकणांवर, गॅलरीतल्या तुळशीवर राख. तरी धूर काही संपेना. मुलाने चौकोनी पंख्याच्या मागे घर गरम करायच्या यंत्रात हवा गाळायला लावतात तो गाळणीकागद, मर्व्ह १३ म्हणतात त्याला, टेपने चिकटवला. आठवड्यात तो पांढऱ्याचा करडा झाला. मी ते रोज बाळाच्या फुप्फुसाच्या हिशेबात बघायचे. मास्क होते, कारण २०१८ ला पॅराडाइज गाव जळालं तेव्हाच्या धुरासाठी त्यांनी खोकं आणलं होतं. मार्चमध्ये अर्धं इस्पितळाला देऊन उरलेलं.

नऊ सप्टेंबरला सकाळ झालीच नाही. आकाश नारिंगी, भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले. वर धुराचा थर, खाली समुद्रावरून आलेलं धुकं. सून घाबरली. मी म्हटलं, स्वयंपाक तर करायचाच आहे.

मुलाने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तिकडे आगी विझवायला तुरुंगातल्या कैद्यांच्या तुकड्या असतात. कोविडमुळे त्यातल्या कित्येकांना लवकर सोडलं होतं आणि नेमकी त्या वर्षी माणसं कमी पडली. कशाचा धागा कुठे जाऊन अडकेल, सांगता येत नाही.

मुळशीचा_गडी

आजी, लय भारी लिहिलंय.

आमचं २०२० च्या मे महिन्यातलं. मुंबईतनं आलेली पोरं गावाने झेडपीच्या शाळेत ठेवली होती, चौदा दिवस. गावातली काही माणसं त्यांच्याकडं बघायलापण तयार नव्हती. शाळेच्या कुंपणावर डबा टांगायचा आन मागं फिरायचं. त्यात माझा चुलतभाऊ होता.

एका दुपारी वरच्या माळानं वणवा आला. गावात म्हातारीकोतारी जास्त, आम्ही हाताच्या बोटावर मोजण्याइतके. आग शाळेच्या मागं, गवताच्या गंज्यांकडं सरकली. गंज्या गेल्या की जनावरांना पावसापर्यंत खायला काय घालायचं? तेवढ्यात शाळेतली पोरं भिंतीवरनं उड्या टाकून आली. कोणी निरगुडीचा डहाळा मोडला, कोणी ओलं पोतं घेतलं. दोन गंज्या गेल्या, बाकीच्या वाचल्या.

मग झाला घोळ. आग विझवताना सगळे एकमेकांत मिसळलेले. आशाताई रजिस्टर आन तापाची बंदूक घेऊन शाळेच्या दारात उभ्या. एकेकाच्या कपाळावर धरली तर सगळ्यांनाच ताप! सरपंचाला घाम फुटला. ताई म्हणल्या, "आधी सावलीत बसा, पाणी प्या, तोंड धुवा." अर्ध्या तासानं परत मोजलं तर सगळे नॉर्मल. तरी त्यांनी सगळ्यांची नावं लिहून घेतली आन म्हणल्या, आजपासून तुम्ही पण घरात बसायचं. बसलो. कोणाला काही झालं नाही. त्या दिवसापासनं कुंपणावर डबा टांगणं मात्र बंद झालं, पोरांना अंगणात पंगत मिळायला लागली, लांब लांब बसवून.

गोठेवाला_७०

वणव्याला एवढं काय घाबरायचं? जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं, आमचे आजोबा दर वर्षी जाळायचे.

मुळशीचा_गडी

दादा, भाताच्या रोपासाठी राब भाजतात ते वेगळं. ते आपल्या वाफ्यात, समोर उभं राहून. डोंगराला काडी लावून घरी निघून यायचं हे वेगळं. जळालेल्या माळावर पयलं येतं ते कुसळी, तिचं बी स्वतःच मातीत घुसून बसतं. लावलेली रोपं, फुटवे जातात. पावसात उघडी माती ओढ्याला. आन त्या वर्षी गावात दम्याच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायला गाडी मिळत नव्हती, हे पण धरा हिशेबात.

सूस_रोड_चौथा_मजला

आजी, तो पंखा आणि गाळणीकागद पुण्यात कशाने करावा? इकडे तसे चौकोनी पंखे दिसत नाहीत.

पेठेतली_आजी

मुलाला विचारलं. म्हणतो, पंखा कुठलाही चालेल पण कागद चारी बाजूंनी घट्ट बसला पाहिजे, फटीतून हवा आली तर उपयोग नाही. आणि रात्री झोपताना चालू ठेवू नका, मोटर तापते का ते आधी काही तास समोर बसून बघा.

नवी_भाडेकरू

आम्ही बाणेरला नुकतेच आलोय. विझवायला येणं जमेल असं वाटत नाही, धुराचा त्रास होतो. दुसरं काही काम असतं का?

पाषाणकर

असतं की. पावसाळा संपून गवत वाळलं की जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत साफ केलेला पट्टा. वनखातं काढतं, आम्ही रविवारी मदतीला जातो. तेव्हा धूर नसतो, ऊनही बेताचं. येताना बूट घाला, चपला नकोत. मोजे जाड हवेत, कुसळं आरपार जातात. आणि ती चकचकीत नायलॉनची ट्रॅकपँट नको. सुती घाला, वनरक्षक त्यावरून ओरडतो.