सांगलीत पिवळी कोरांटी नुसती वाढतेय, फुलत नाही

आटपाडीची_लेक:
माझ्या माहेरी आटपाडीकडं बांधावरच्या काटेरी कोरांटीला कुणी तांब्याभर पाणी घालत नाही, तरी दिवाळीच्या सुमारास पिवळीधमक होते. तिच्याच फांद्या आणून इथं सांगलीत परसात लावल्या. आता कमरेला लागल्यात, पानं हिरवीगार, पण फुलं शेंड्याला चार-दोन. जागा आंब्याखाली, माती काळी. शेजारच्या केळीला ठिबक आहे, ते पाणी हिलाही मिळतं. जूनमध्ये शेणखतही घातलं. सासूबाईंना देवाला फुलं हवीत. म्हणतात, उपटा आणि जास्वंद लावा. काय करू?

माणदेशी_बागवान (दहिवडी):
ताई, उपटू नका. तुम्ही तिला केळीच्या पंगतीला बसवलंय! आमच्या माण तालुक्यात वर्षाचा पाऊस ५०० मिमीच्या आसपास, तोही लहर लागली तर. तेवढ्यावर ती मजेत जगते. खत-पाणी जास्त झालं की पाला काढत बसते, सावलीत नुसती उंच जाते.

फुलं शेंड्याला आणि पानांच्या बेचक्यात येतात. म्हणजे फुटवे जितके, तितका बहर. फेब्रुवारीत निम्म्यावर छाटा, हात राखू नका. पाऊस लागला की पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या उन्हाच्या जागी लावा; खालची पानं काढून दोन डोळे (जिथून कोंब फुटतो ती जागा) मातीत जाऊ द्यात. तुमच्या काळ्या मातीत पाणी तुंबतं, म्हणून मुरूम मिसळून वाफा उंच घ्या. मूळ धरलं की ठिबक बंद. पानं मलूल दिसली तरच पाणी. शेणखत केळीलाच घाला.

छाटलेल्या फांद्या खताच्या खड्ड्यात टाकू नका. काटे कुजत नाहीत लवकर, खत हातानं पसरताना कळतं!

शाहूपुरीकर:
बोंडांकडंही लक्ष ठेवा. वाळलेलं बोंड पाण्यात टाकून बघा, फट्टकन उलतं. आत दोन चपट्या, लवदार बिया असतात. पावसात हेच होतं आणि बिया लांब उडतात. उत्तर ऑस्ट्रेलियात ही कोरांटी तण म्हणून डोक्याला ताप झालीय. छोट्या बागेत बोंडं आधीच खुडलेली बरी.

आटपाडीची_लेक:
दोघांनाही धन्यवाद. फाटकाजवळ मुरमाड पट्टा आहे, ऊन दिवसभर. पण दूधवाला, सिलिंडरवाला तिथूनच येतात. काटे लागायचे कुणाला तरी.

माणदेशी_बागवान (दहिवडी):
मग भिंतीलगत घ्या, वाटेपासून दोन हात आत. आणि सासूबाईंना सांगा, फुलं सकाळीच काढा. त्या फुलाच्या चार पाकळ्या एकीकडं असतात, पाचवी एकटी दुसरीकडं. तिथं चिमटीत धरून अलगद ओढलं की फूल नळीसकट हातात येतं. खाली बेचक्यात बोटं घालायचीच नाहीत, काटे तिथं असतात.