उत्तर: हजेरीपट कपाटातच का?

सचिव: शाळेत हल्लेखोर शिरले तर काय करायचं, याचा रविवारी सराव आहे. त्याआधी एवढं एकच ठरवा. हजेरीपट वर्गातल्या कपाटातच राहणार असेल आणि उद्या कोणी मुलांना ओलीस धरलं, तर आत किती जण आहेत हे बाहेर पोलिसांना कोण सांगणार? रशियातल्या बेस्लानच्या शाळेत २००४ मध्ये १,१०० हून जास्त ओलीस होते, अधिकारी मात्र ३५४ सांगत राहिले. तो आकडा टीव्हीवर ऐकून अतिरेकी आणखी चवताळले, असं सुटून आलेल्यांनीच सांगितलंय.

खजिनदार: यादी ड्राइव्हवर टाका, विषय संपला. नवीन कुलपांचं बिल मात्र माझ्याकडे पाठवू नका.

बालवर्गाच्या ताई: ड्राइव्हवर कोणाकोणाला दिसणार? सहलीची यादी, फोन नंबरांसकट, सगळ्या गावाला गेली होती तशी? शिवाय माझ्याकडे निम्मी मुलं उशिराच येतात. दहाला घेतलेली हजेरी सव्वादहाला खोटी.

मोठ्या गटाचे सर: हजेरीचं काय घेऊन बसलात! दार आतून लावा, दिवे घालवा, मुलांना दारासमोरून हलवा, फोनचा आवाज बंद करा. अमेरिकेत १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर तिथल्या पोलिसांना बाहेर वाट बघत न बसता सरळ आत शिरायला शिकवतात.

बालवर्गाच्या ताई: सर, ते गोळीबार चालू असेल तर. ओलीस धरलेले असले आणि कोणाला इजा होत नसली, तर पोलीस बोलत राहतात, वेळ काढतात. १९७७ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हन्समिल्डच्या शाळेत १०५ मुलं अडकली होती. मुलं आजारी पडायला लागली तेव्हा त्यांना सोडलं, शिक्षकांना ठेवून घेतलं. म्हणून यादीत नुसती नावं नकोत. इनहेलर कोणाला लागतो, शेंगदाणे कोणाला चालत नाहीत, हेही हवं.

एक पालक: आम्हाला लगेच मेसेज करा. मी पाच मिनिटांत पोचते.

मोठ्या गटाचे सर: तेच करू नका! सगळ्यांच्या गाड्या दारात, मग ॲम्ब्युलन्स कुठून येणार? आणि वर्गात लपलेल्या मुलाला फोन तर अजिबात लावू नका.

एक पालक: मग थांबायचं कुठे, ते तरी आधी सांगा.

खजिनदार: मागच्या सरावाला हाच प्रश्न मी विचारला होता. कोणी उत्तर दिलं नाही.

सचिव: शाळेपासून लांबची जागा पोलिसांना विचारून कळवते. मूल तिथेच, ओळखपत्र बघून, सही घेऊनच ताब्यात मिळेल. हजेरीची कागदी प्रत गेटवर. उशिरा आलेल्यांची नावं तिथेच भरायची, लवकर गेलेल्यांची खोडायची.

बालवर्गाच्या ताई: गेटचं काम स्वयंसेवकांकडे आहे. त्यांना विचारलंत?

सचिव: ते गेटवर सापडले तर विचारीन ना. गेटवर थांबायला दोन नावं हवीत, शुक्रवारपर्यंत.