मदत हवी आहे : ठराव झाला, तरी कागदावर वस्तीचं जुनंच नाव

नमस्कार. आमच्या वस्तीचं जातिवाचक नाव बदलावं म्हणून आम्ही दहा-बारा पोरं-पोरी दीड वर्ष खटपट करतोय. राज्य सरकारचा डिसेंबर 2020 चा निर्णय वाचलाय, प्रत जवळ आहे.

आधी वस्तीतच जुंपली. बौद्ध घरांना भीमनगर हवं, मातंग घरांना अण्णाभाऊ साठे नगर. घरोघरी बसून, न मोजलेल्या चहांनंतर समतानगरवर जमलं. पहिली ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब, कारण नेमकी कांदा लागवड आणि 100 माणसं जमेनात. तीच सभा पुन्हा भरली तेव्हा ठराव मंजूर झाला. वर्गणी काढून पाटीही रंगवली.

पण घरपट्टीच्या पावतीवर आणि नमुना 8 च्या (ग्रामपंचायतीच्या घर-कर आकारणी नोंदीच्या) उताऱ्यावर अजून जुनंच नाव छापून येतं. ग्रामसेवक म्हणतात, ठराव पंचायत समितीत पाठवलाय. तिथल्या आवक नोंदवहीत आम्ही स्वतः बघितलं, नोंदच नाही. ग्रामपंचायतीत दोनदा लेखी अर्ज दिला, पोच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज मुद्दाम टाकला नाही. घरकुलाचं काम सुरू आहे, ग्रामसेवकांशी वाकडं घ्यायला वस्ती तयार नाही.

ज्यांच्या गावात हे शेवटापर्यंत गेलंय त्यांनी सांगा : ठरावाची प्रमाणित नक्कल आम्ही थेट गटविकास अधिकाऱ्यांकडे दिली तर चालते, की प्रस्ताव ग्रामपंचायतीकडूनच जावा लागतो? आणि नंतर आधार, रेशनकार्डावरचा पत्ता प्रत्येकाला वेगळा बदलून घ्यावा लागला का?